‘चक्कर येते’ एवढं सांगून भागत नाही

आईला पहिल्यांदा घेरी आली ती पहाटे, झोपेत कूस बदलताना. छताचा पंखा बंद होता, पण तिच्या म्हणण्याप्रमाणे छतच पंख्यासारखं फिरत होतं. दोन दिवसांनी वरच्या फळीवरचा रव्याचा डबा काढायला तिने मान वर केली आणि ओटा धरून खाली बसली. दवाखान्यात जाऊन तिने दोन शब्दांत तक्रार सांगितली: चक्कर येते. बीपी मोजलं, ठीक निघालं. मानेचा एक्स-रे काढला. ‘मणक्यात गॅप आहे’ म्हणून गळ्याला पट्टा लागला, गोळ्या सुरू झाल्या. आठ महिने ती उशीशिवाय झोपली, मान न हलवता स्वयंपाक केला, घेरी मात्र येतच राहिली. शेवटी कान-नाक-घशाच्या एका डॉक्टरांनी तिला पलंगावर विशिष्ट पद्धतीने आडवं केलं, डोळ्यांकडे पाहिलं, डोकं तीन-चार वेळा वेगवेगळ्या दिशांना वळवलं आणि उठवून बसवलं. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. पट्टा तेव्हापासून कपाटात आहे.

ही काही जादू नव्हती. आणि आधीचे डॉक्टर बेफिकीर होते असंही मी म्हणणार नाही. गडबड ‘चक्कर’ या शब्दापासूनच सुरू झाली होती.

## एका शब्दात किती दुखणी

‘पोट बिघडलं’ म्हटल्यावर जसं नेमकं काही कळत नाही, तसंच ‘चक्कर’चं आहे. मराठीत यासाठी खरं तर शब्दांची चैन आहे. आजूबाजूचं सगळं गरगरतं ती घेरी. डोळ्यांपुढे काळोख येतो ती अंधारी. शुद्ध हरपते किंवा हरपेल असं वाटतं ती भोवळ. डोकं ठीक असतं पण चालताना पाय भलतीकडे पडतो, तेव्हा म्हणायचं तोल जातो किंवा झोक जातो. दवाखान्याच्या दारात शिरताना मात्र आपण हे सगळे शब्द चपलांसोबत बाहेर काढून ठेवतो आणि आत जाऊन ‘चक्कर’ म्हणतो.

डॉक्टर लोकही पूर्वी याच प्रश्नाला धरून बसत: नेमकं कसं वाटतं, गरगरतं की अंधारी येते? हा प्रश्न अजूनही उपयोगाचा आहे, पण एकट्याने पुरा पडत नाही, कारण घाबरलेला माणूस आज ‘गरगरतं’ म्हणतो आणि उद्या ‘डोकं हलकं झालं’. त्यामुळे आता भर दुसऱ्या दोन गोष्टींवर असतो: किती वेळ टिकते आणि कशाने सुरू होते. माणूस शब्द बदलतो, पण वीस सेकंदांचे वीस तास सहसा करत नाही.

## तोलाचे तीन साक्षीदार

आपण सरळ उभे आहोत की कलंडतोय, हे मेंदू तिघांना विचारून ठरवतो. पहिले साक्षीदार डोळे. दुसरे पायाचे तळवे, सांधे आणि स्नायू, म्हणजे जमीन कशी लागते आहे ते सांगणारे. तिसरा आतला कान. तिघांची साक्ष जुळली की आपल्याला काहीच जाणवत नाही. जुळली नाही की मेंदू गोंधळतो. घाटातून जाणाऱ्या एसटीत पुस्तक वाचायला घेतलं की मळमळतं ते यामुळेच. डोळे सांगतात ‘पान स्थिर आहे’, कान सांगतो ‘अहो, वळण आलंय’.

आतल्या कानात ऐकण्याच्या शंखाला लागून तोलाचं यंत्र असतं. त्यात दोन प्रकारची उपकरणं. एक गवंड्याच्या ओळंब्यासारखं: एका चिकट पडद्यावर कॅल्शियमचे अगदी बारीक कण बसवलेले असतात. डोकं कललं की हे कण जमिनीच्या ओढीने सरकतात आणि खाली कुठे, वर कुठे ते मेंदूला कळतं. दुसरं उपकरण म्हणजे तीन अर्धगोल नळ्या, तीन दिशांना बसवलेल्या, आत पाण्यासारखा द्रव. डोकं वळलं की नळी वळते, आतला द्रव मात्र क्षणभर मागे राहतो. ताकाचं पातेलं गर्रकन फिरवलं तर ताक लगेच फिरत नाही, तसंच. त्या मागे राहण्यावरून मेंदू ओळखतो की डोकं कुठल्या बाजूला आणि किती वेगाने फिरलं.

मंगळागौरीला फुगडी घालून थांबलात की काय होतं आठवा. पाय थांबले, पण नळीतला द्रव अजून फिरतोय. डोळे म्हणतात थांबलो, कान म्हणतो फिरतोय, आणि देवघर, पाहुण्या, समई सगळंच गरगरायला लागतं. त्या वेळी कुणी तुमच्या डोळ्यांकडे नीट पाहिलं तर बुबुळं एका बाजूला झटके देताना दिसतील. याला वैद्यकात निस्टॅग्मस म्हणतात. आपण ‘डोळ्यांचं नाचणं’ म्हणू. आतला कान उघडून पाहता येत नाही, पण डोळे त्याच्या तारेला बांधलेले आहेत. चक्करचं निम्मंअधिक निदान या नाचण्यावरून होतं.

कान आणि डोळ्यांचं हे नातं ऑस्ट्रियाच्या रॉबर्ट बारानी यांनी उलगडलं. रुग्णांचे कान पाण्याने धुताना त्यांना दिसलं की गार पाण्याने डोळे एका बाजूला नाचतात आणि गरम पाण्याने उलट बाजूला. या कामासाठी त्यांना १९१४ चं नोबेल मिळालं. ती बातमी पोचली तेव्हा ते पहिल्या महायुद्धातले कैदी म्हणून रशियाच्या छावणीत होते.

## निसटलेले खडे

आता आईच्या घेरीकडे. ओळंब्यावरचे ते कॅल्शियमचे कण वय वाढलं, डोक्याला मार लागला किंवा आजारपणात बरेच दिवस अंथरुणावर काढले की सुटतात आणि नळीत जाऊन पडतात, बहुतेक वेळा मागच्या नळीत. पन्नाशीनंतर हे जास्त होतं आणि बायकांमध्ये पुरुषांपेक्षा अधिक. नाव लांबलचक आहे: बिनाइन पॅरॉक्सिझमल पोझिशनल व्हर्टिगो. अर्थ एवढाच की डोक्याची स्थिती बदलली की झटक्यात येणारी, जिवाला धोका नसलेली घेरी. मी तिला खड्यांची घेरी म्हणतो. वारंवार गरगरण्याचं सगळ्यांत नेहमीचं कारण हेच.

बाटलीत पाणी आणि थोडी वाळू आहे असं समजा. बाटली स्थिर असेल तर वाळू तळाशी गप्प बसते. आडवी केली की वाळू घसरत नवा तळ गाठते आणि जाताना पाण्याला ओढते. नळीतही तेच होतं. तुम्ही कूस बदलता, खडे घसरतात, द्रव हलतो आणि मेंदूला वाटतं डोकं गरागरा फिरतंय. खडे तळाला टेकले की सगळं शांत. म्हणून ही घेरी एक मिनिटाच्या आत ओसरते. रुग्णाला ती पाच मिनिटांची वाटते, हा भाग वेगळा. आणि म्हणूनच ती ठरावीक वेळी येते: अंथरुणावर पडताना, कूस बदलताना, वरच्या फळीकडे पाहताना, न्हाव्याकडे मान मागे टाकताना.

हे तपासायची पद्धत लंडनच्या मार्गारेट डिक्स आणि चार्ल्स हॉलपाइक यांनी १९५२ मध्ये नीट मांडली. आईला डॉक्टरांनी पलंगावर पाय लांब करून बसवलं, मान उजवीकडे पंचेचाळीस अंश वळवली आणि पटकन उताणं केलं, डोकं कडेच्या जरासं खाली लोंबतं राहील असं. ‘डोळे मिटू नका, काहीही झालं तरी माझ्या नाकाकडे बघा.’ दोन-तीन सेकंद काहीच नाही. मग आईने डॉक्टरांचा दंड घट्ट धरला आणि मी तिच्या डोळ्यांत पाहिलं. बुबुळं कपाळाकडे उसळत होती आणि उसळताना किंचित पिळा घेत होती. अर्ध्या मिनिटात थांबली. डॉक्टर म्हणाले, ‘उजवा कान.’ ना रक्त तपासलं, ना फोटो काढला.

उपायही त्याच पलंगावर. जत्रेत प्लॅस्टिकची एक डबी मिळायची, वर पारदर्शक झाकण, आत छर्रे, आणि डबी हळूहळू कलती करत छर्रे घरात घालायचे. तसंच डोकं क्रमाक्रमाने वळवून खडे नळीतून बाहेर, मूळ कप्प्यात आणायचे. ही युक्ती अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या जॉन एप्ली यांची. १९८० मध्ये त्यांनी ती परिषदेत दाखवली तेव्हा फारसं कुणी मनावर घेतलं नाही, सविस्तर लेख छापून यायला १९९२ उजाडलं. डोकं हलवून चक्कर बरी करणारा माणूस भोंदू वाटणं साहजिक होतं म्हणा. आज ती जगभर पहिली उपचारपद्धत आहे आणि बहुतेकांना एक-दोन खेपांत आराम पडतो.

व्हिडिओ बघून घरी करता येईल का? नंतर येईल. पहिल्यांदा मात्र कुठला कान, कुठली नळी हे जाणकाराकडून ठरवून घ्यावं. चुकीच्या बाजूने केलं तर काहीच साधत नाही, ओकारी मात्र फुकट पदरात पडते. मानेला किंवा पाठीला गंभीर दुखापत असेल तर तेही आधी सांगायचं.

## ‘पण माझा कान ठणठणीत आहे’

कान दुखत नाही, वाहत नाही, ऐकू नीट येतं, मग दोष कानाचा कसा? हा प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी डॉक्टरही विचारत. घेरी म्हणजे मेंदूचा विकार अशीच समजूत होती. मूकबधिरांच्या संस्थेत काम करणाऱ्या प्रॉस्पर मेनिएर यांनी १८६१ मध्ये पॅरिसमध्ये पहिल्यांदा ठामपणे मांडलं की ती आतल्या कानातूनही येते. ऐकण्याचा भाग आणि तोलाचा भाग शेजारी असले तरी कामं वेगळी. एका वाड्यातली दोन बिऱ्हाडं म्हणा, एकात दिवे गेले तरी दुसऱ्यात असू शकतात.

दोन्हीकडचे एकदम गेले तर तीही खूण आहे. मेनिएरच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या आजारात एका कानाला दडे बसतात, त्यात गुणगुण सुरू होते, ऐकू कमी येतं आणि घेरी वीस मिनिटांपासून बारा तासांपर्यंत टिकते. तोलाच्या नसेला सूज आली तर घेरी दिवसच्या दिवस हटत नाही, उलट्या थांबत नाहीत, पण ऐकणं शाबूत राहतं. आणि अर्धशिशी! तिच्यात घेरी येते हे फार थोड्यांना माहीत असतं. पाच मिनिटं ते तीन दिवस, कधी डोकेदुखीसह, कधी तिच्याशिवायही. तरुणपणी डोकं धरून अंधाऱ्या खोलीत पडणारी बाई पन्नाशीत ‘आता डोकं दुखत नाही, चक्कर येते’ म्हणते, तेव्हा डॉक्टरांनी जुनी डोकेदुखी विचारायला हवी आणि तिने ती सांगायला हवी.

आणि पित्त? घेरीत ओकारी होते, ओकारीत पिवळं पडतं आणि घरात निकाल लागतो की पित्तानेच चक्कर आली. क्रम बहुधा उलटा असतो. तोलाच्या गोंधळाने मळमळतं, पोट बिचारं साक्षीदार.

## उभं राहिल्यावर येणारी अंधारी

ही वेगळी जात. इथे काही गरगरत नाही, डोळ्यांपुढे काळं येतं, आवाज लांब जातात. आपण उभे राहतो तेव्हा अर्धा लिटरहून जास्त रक्त पायांत आणि पोटात उतरतं. शरीर लगेच रक्तवाहिन्या आवळून आणि हृदय जरा वेगाने चालवून ते सावरतं. हे सावरणं उशिरा झालं की अंधारी.

मे महिन्याचं ऊन, निर्जळी उपवास, जुलाब, रक्त कमी असणं ही कारणं घरोघरी ठाऊक आहेत. कमी ठाऊक असलेलं कारण औषधांच्या डब्यात असतं: बीपीच्या, लघवी वाढवणाऱ्या, प्रोस्टेटच्या आणि झोपेच्या गोळ्या. रात्री लघवीला उठलेले आजोबा मोरीच्या दारात पडतात, त्यामागे पुष्कळदा हा डबा असतो. म्हणून डॉक्टरकडे जाताना गोळ्यांची पाकिटंच न्यावीत, ‘ती पांढरी, छोटी’ असं वर्णन करू नये.

‘पण बीपी नॉर्मल आलं’ असं पुष्कळजण सांगतात. कुठे मोजलं? खुर्चीत बसून. आधी पाच मिनिटं झोपवून आणि मग उभं केल्यावर तीन मिनिटांच्या आत परत मोजायला हवं. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर कारण हाती लागलं. हे करायला कुठल्याही साध्या दवाखान्यातलं बीपीचं यंत्र पुरतं. पण त्यासाठी आठ मिनिटं लागतात आणि गर्दीच्या ओपीडीत नेमकी तीच नसतात.

झेंडावंदनाला उन्हात ताटकळलेलं पोर कोसळतं, तेही याच घरातलं. त्याला उठवून बसवू नका, तोंडात पाणी ओतू नका, कांदा शोधत फिरू नका. आडवं ठेवा, पाय वर करा, भोवतीचा घोळका हटवा. मात्र कुणी कसलीही पूर्वसूचना न देता किंवा जिना चढताना, पळताना शुद्ध हरपून पडलं, तर ते हृदयाच्या ठोक्यांचं असू शकतं. तिथे ईसीजीला पर्याय नाही. आणि मधुमेही माणसाला घाम फुटून हातपाय थरथरत असतील तर आधी साखर तपासा. ७० च्या खाली असेल आणि तो शुद्धीवर असेल तर लगेच साखरपाणी द्या.

तोंड धुताना डोळे मिटले की झोक जातो, अंधारात चालवत नाही, उजेडात सगळं ठीक, अशी तक्रार असेल तर दुसरा साक्षीदार, म्हणजे तळव्यांच्या नसा, मुका झालेला असतो आणि माणूस डोळ्यांच्या भरवशावर उभा असतो. मधुमेह आणि बी-१२ ची कमतरता ही त्याची नेहमीची कारणं. शाकाहारी घरांत दुसरं विशेष.

## मग मानेच्या गॅपचं काय?

आधी शब्दच बघा. ‘गॅप’ म्हणतात, पण वयामुळे दोन मणक्यांमधली जागा वाढत नाही, चकती झिजून कमी होते. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या कुणाच्याही मानेचा एक्स-रे काढा, थोडीफार झीज दिसेलच, चक्कर येत असो वा नसो. पांढऱ्या केसांना चक्करचं कारण ठरवण्यासारखं हे आहे. दोन्ही एकाच डोक्यावर सापडतात, एवढंच.

मान दुखते, आखडते, हाताला मुंग्या येतात, ते मणक्यामुळे होतं आणि त्यावर उपचार हवेतच. पण निव्वळ गरगरण्याला मानेचा मणका जबाबदार असणं क्वचित घडतं. ‘मान वर केली की घेरी येते’ यातून मान दोषी वाटते खरी, पण मानेबरोबर डोकंही वर जातं आणि डोक्यात कान असतो. फरक ओळखायला सोपा मार्ग आहे. अंथरुणावर कूस बदलताना मान आणि धड एकदमच वळतात, मानेला पीळ पडत नाही. तरी घेरी आली तर मान निर्दोष.

## ‘एकदा डोक्याचा स्कॅन करून टाकू?’

भीती पक्षाघाताची असते, आणि ती अगदीच अनाठायी नाही. लहान मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी बंद पडली तर पहिली खूण नुसती घेरी असू शकते. म्हणून अचानक सुरू झालेल्या, तासन्तास न थांबणाऱ्या घेरीसोबत यातलं एकही दिसलं तर १०८ ला फोन करायचा, सकाळची वाट बघायची नाही: एकाचं दोन दिसणं, जीभ जड होणं, तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, आधाराशिवाय बसता किंवा चालता न येणं, कधी न अनुभवलेली डोकेदुखी किंवा मानेची कळ, छातीत दुखणं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर तेही त्याच दिवशी दाखवा.

पण अशा वेळी साध्या सीटी स्कॅनवर विसंबता येत नाही. लहान मेंदू जाड हाडांच्या कोंदणात बसलेला आहे आणि तिथला ताजा पक्षाघात सीटीत बहुधा दिसत नाही. एमआरआय जास्त भरवशाचा, तरी पहिल्या एक-दोन दिवसांत तोही कधीकधी चुकतो. सराव असलेला डॉक्टर अशा रुग्णाच्या डोळ्यांच्या तीन तपासण्या करतो. त्यातली एक गमतीची आहे: रुग्णाने डॉक्टरांच्या नाकाकडे टक लावायची आणि डॉक्टरांनी त्याचं डोकं झटकन जरासं वळवायचं. कान बिघडला असेल तर नजर घसरते आणि मागाहून उडी मारून जागेवर येते. सतत गरगरत असताना ही तपासणी ‘नॉर्मल’ आली तर मात्र काळजी वाढते. कान शाबूत आहे, मग गरगरतंय कशाने? बाकी राहतो मेंदू.

मिनिटभराची, फक्त कूस बदलताना येणारी, बाकी काही त्रास नसलेली घेरी असेल तर स्कॅनचे पैसे वाचवा. खडे स्कॅनमध्ये दिसत नाहीत.

## चक्करची गोळी

घरोघरी ती असते आणि दुकानदार चिठ्ठीशिवायही देतो. बीटाहिस्टिन मेनिएरच्या आजारात दिली जाते. सिनारिझिन, प्रोक्लोरपेराझिन यांसारख्या गोळ्या तोलाच्या यंत्रणेला गुंगवतात. उलट्यांनी हैराण असताना दोन-तीन दिवस त्या उपयोगी पडतात. महिनोन्महिने घेतल्या तर दोन तोटे. एका कानाचा तोल गेला तरी मेंदू हळूहळू नवा हिशोब शिकतो, गुंगीत तो शिकत नाही. आणि या दोन गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसांत हात थरथरणं, चाल मंदावणं अशी कंपवातासारखी लक्षणं येऊ शकतात. निसटलेले खडे जागेवर नेणारी गोळी अजून निघालेली नाही.

एक अवघड गट राहतो. मूळ घेरी बरी होते, पण मेंदूची धास्ती जात नाही. मॉलमध्ये, सरकत्या जिन्यावर, मोबाइल सरकवताना महिनोन्महिने तरंगल्यासारखं वाटतं, तपासण्या सगळ्या कोऱ्या येतात आणि घरचे म्हणतात ‘मनाचं आहे’. मनाचं नाही. मेंदू डोळ्यांवर गरजेपेक्षा जास्त विसंबायला लागलेला असतो. तोलाचे व्यायाम, गरज पडल्यास औषध आणि समुपदेशन यांनी फरक पडतो. पडून राहिल्याने मात्र वाढतं.

## डॉक्टरांना काय सांगायचं

किती सेकंद, मिनिटं की दिवस. काय करताना. त्या वेळी कानात, डोक्यात, छातीत काही होतं का. कुठल्या गोळ्या चालू आहेत. आणि जमलं तर एक काम घरच्यांनी करावं: घेरी चालू असताना मोबाइलने डोळ्यांचा जवळून, चांगल्या उजेडात व्हिडिओ काढावा. दवाखान्यात पोचेपर्यंत डोळे थांबलेले असतात.

खडे पुन्हा सुटू शकतात. आईचे दीड वर्षाने, ऐन दिवाळीत, चकलीचा डबा माळ्यावर ठेवताना सुटले. या वेळी तिने मला फोन करून सांगितलं, ‘डावीकडे वळले तर काही नाही. उजव्या कुशीवर गेले की तीन मोजेपर्यंत गप्प, मग गरगरतं, आणि पंचविसाला थांबतं. ऐकू नीट येतंय. त्या डॉक्टरांची वेळ घे, आणि त्यांना म्हणावं पलंगाजवळ बादली ठेवा, मागच्या वेळी नव्हती.’